तंबोऱ्याला कान लावलेले कुमार

बाहुलं पहिल्यांदा दोऱ्यांवर टांगलं, तेव्हा माझ्या भाचीनं त्याच्याकडे बराच वेळ बघून विचारलं, “मावशी, हे कोण?”

त्या चेहऱ्यावर मी तीन आठवडे घालवले होते. टेबलासमोरच्या भिंतीवर कुमार गंधर्वांची आठ छायाचित्रं लावली होती. कपाळाची रुंदी, नाकाची उतरण, ओठ, हनुवटी, सगळं कंपासनं मोजून उतरवलं होतं. भाची तर आमच्याच घरात वाढलेली. सकाळी चहाच्या आधी कुमारांचा आवाज तिच्या कानावर पडलेला. ती विचारते, हे कोण. शेजारचे पेटीवाले काका दारातून आत आले, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “अगं, हा कुठल्याबी बुवाचा चेहरा झालाय की.”

त्या प्रश्नापासून दुसऱ्या, लोकांनी नाव न सांगता ओळखलेल्या बाहुल्यापर्यंत आम्ही कसे पोचलो, ते इथे लिहिते आहे. एखाद्या आवडत्या गवयाचं, वादकाचं कळसूत्री बाहुलं करायला कुणी बसणार असेल, तर आमच्या चुका त्याच्या उपयोगी पडतील.

काम काय होतं

कुमार गंधर्वांचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. २०२४ मध्ये त्यांची जन्मशताब्दी आली. बेळगावच्या शहापूर भागातल्या आमच्या छोट्या वाचनालयात आठ ते चौदा वर्षांची मुलं येतात. त्यांच्यासाठी चाळीस मिनिटांचा एक कार्यक्रम करायचा ठरला. बेळगावहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की सांबऱ्यानंतर सुळेभावीचं स्टेशन लागतं. आमची बरीच मुलं त्या गाडीनं आजोळी जातात. शहरातलं कुमार गंधर्व रंगमंदिर तर त्यांना चांगलंच ठाऊक आहे, कारण शाळेचं स्नेहसंमेलन तिथे होतं. पण कुमार गंधर्व कोण होते असं विचारलं तेव्हा एका मुलानं सांगितलं, “ते हॉल बांधलेले.”

म्हणून बाहुलं. मुलं भाषणाला कंटाळतात, छायाचित्राकडे एकदा बघून मान फिरवतात. बाहुलं हललं की मात्र कुणाची नजर हलत नाही. मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. शाळेत हातमोज्याच्या बाहुल्या पुष्कळ केल्या, दोऱ्यांचं बाहुलं मात्र कधी केलं नव्हतं. सावंतवाडी ओलांडून कुडाळजवळच्या पिंगुळीला पूर्वी दोनदा गेले होते. तिथल्या ठाकर समाजानं कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी या तिन्ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती या कामासाठी. तिथे बघितलेलं एक मनात पक्कं होतं, की बाहुलीचा चेहरा कधी बदलत नाही आणि तरीही ती रडते, रागावते, लाजते. बघितलेलं होतं, पण स्वतः करायला बसले तेव्हा मी ते साफ विसरले आणि छायाचित्रांवरून नाक मोजत राहिले.

माझ्याबरोबर उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, लेथवर काम करणारा भाचा होता, त्याची बहीण, म्हणजे दोऱ्या हलवणारी भाची, आणि पेटीवाले काका. काकांनी कुमारांना समोर बसून ऐकलेलं आहे. साहित्याचा एकूण खर्च साडेसहा हजारांच्या आत राहिला.

कोणत्या वयाचे कुमार

पहिला वाद यावरून झाला आणि तो पुरता मिटला असं आजही म्हणता येत नाही.

भाचीचं म्हणणं, लहान शिवपुत्र करूया. तबकडीवर ऐकलेलं मोठ्या गवयांचं गाणं जसंच्या तसं गाऊन दाखवणारा, त्या वयातच ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळालेला मुलगा. अकरा-बारा वर्षांचा असताना मुंबईला बी. आर. देवधरांकडे शिकायला गेलेला. मुलांना आपल्याच वयाचा, आपल्याच भागातला मुलगा दिसला तर ती सरसावून बसतील. मुद्दा खरा होता.

भाच्याच्या मनात आजारपण होतं. १९४७ मध्ये भानुमतींशी लग्न झालं आणि त्याच सुमारास क्षयानं गाठलं. १९४८ च्या सुरुवातीला कोरड्या हवेसाठी माळव्यात, देवासला नेलं. गायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. सुमारे पाच वर्षं हा माणूस अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची गाणी, फिरत्या गायकांची भजनं, पाखरांचे आवाज ऐकत राहिला. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आलं, जीव वाचला, पण एक फुप्फुस निकामी झालं. भाचा म्हणाला, “खाटेवर पडलेलं बाहुलं आणि बाहेरून गाणं. एकदम भारी होईल.”

मला ते नको होतं आणि ते मी स्पष्ट सांगितलं. निजलेल्या बाहुल्याला दोऱ्या कशाला? आणि ज्या माणसानं पुढे जवळजवळ चाळीस वर्षं गाऊन नवे राग उभे केले, १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’सारखा ग्रंथ दिला, निर्गुणी भजनं घराघरांत नेली, त्याची आमच्या मुलांच्या डोक्यात पहिली ओळख आजारी म्हणून व्हावी, हे मनाला पटेना.

याच दिवसांत एका संस्थेकडून विचारणा आली की आम्ही खर्च देतो, पण बाहुलं भारदस्त करा आणि छातीवर पद्मभूषण, पद्मविभूषणची पदकं दिसू द्या. १९७७ आणि १९९० असे दोन्ही सन्मान त्यांना मिळाले, हे मुलांना तोंडी सांगता येतं. मैफिलीत बसलेल्या गवयाच्या छातीवर पदकं लटकवायची नाहीत, एवढंच उत्तर मी दिलं. पुढे त्यांचा फोन आला नाही.

निर्णय काकांच्या एका वाक्यानं झाला. मी विचारलं, “काका, तुम्हाला कुमार म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं?” मला वाटलं एखादा राग सांगतील. ते म्हणाले, “तंबोरा लावताना. गाणं सुरू व्हायच्या आधीच.” आणि खुर्चीतच बसल्या बसल्या त्यांनी डावीकडे मान कलती केली, डोळे अर्धे मिटले, उजवा हात वर नेऊन हवेतली खुंटी अगदी कणभर पिळली, थांबले, ऐकलं, परत कणभर पिळली. खोलीत तंबोरा नव्हता. पण आम्हा तिघांनाही तो ऐकू आला.

कुमारांचे दोन तंबोरे किती बारकाईनं लागायचे, हे त्यांना ऐकलेला प्रत्येक जण सांगतो. बाहुल्यानं करायची कृती आम्हाला मिळाली. वय त्यामागून आपोआप ठरलं: पन्नाशीतले कुमार, केस मागे वळवलेले, अंगावर झब्बा आणि खांद्यावर शाल. लहान शिवपुत्राला सावलीत दाखवायचं ठरलं. त्याबद्दल पुढे लिहिते.

चेहरा दुसऱ्यांदा

पहिलं डोकं मी शाडूवर घडवून, त्याचा प्लास्टरचा साचा काढून, कागदाच्या लगद्यानं भरलं होतं. दुसऱ्या वेळी पद्धत तीच, पण शाडूचा मूळ चेहरा पुन्हा मऊ करून त्यावर काम केलं. हे काम दिवसा उजेडात करायचं नाही, असा नियम घालून घेतला. रात्री एकच दिवा बाजूनं लावायचा आणि तीस फूट मागे जाऊन, डोळे किलकिले करून बघायचं. आमच्या वाचनालयातली शेवटची रांग तीस फुटांवरच असते.

तीस फुटांवरून नाकपुडी दिसत नाही. गालाची सुरकुती दिसत नाही. दिसते कपाळाची पाटी, भुवईखालचा अंधार, गालाच्या हाडावरचा उजेड आणि हनुवटीखालची सावली. माझ्या पहिल्या चेहऱ्यात सगळं होतं, फक्त या चार जागा उथळ होत्या. छायाचित्र सपाट असतं आणि मी त्याचा सपाटपणाच उतरवला होता. मग कपाळ पुढे आणलं, डोळ्यांच्या खोबणी अंगठ्यानं जवळजवळ दुप्पट खोल दाबल्या, ओठांभोवतीचं बारीक काम पुसून टाकलं. जवळून तो चेहरा जरा ओबडधोबड दिसायला लागला. मला त्रास झाला. चित्रकलेच्या बाईचा हात आहे तो, पुसायला धजत नाही.

डोळ्यांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. गवई डोळे मिटून गातो, पण बाहुल्याचे डोळे मिटले की ते झोपलेलं, नाहीतर मेलेलं दिसतं. टक्क उघडे ठेवले तर तंबोरा ऐकणारा माणूस दिसत नाही. पापण्या हलवायचं यंत्र भाचा करायला तयार होता, पण डोक्यात तेवढं वजन आणि आणखी दोन दोऱ्या मला परवडणाऱ्या नव्हत्या. शेवटी वरची पापणी छपरासारखी पुढे आलेली ठेवली. खाली डोळ्याची पांढरी पट्टी अगदी अरुंद, गवताच्या पातीएवढी. मान खाली गेली की पापणीची सावली त्या पट्टीवर पडते आणि डोळे मिटल्यासारखे वाटतात. मान वर आली की पट्टीवर उजेड पडतो आणि डोळे उघडतात. हे मी ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. पहिली पापणी चुकून जाड झाली होती. भाचीनं दिव्याखाली डोकं हातात धरून खालीवर केलं आणि ओरडली, “मावशी, बघितलास? उघडझाप करतायत!”

तोंडाचं मात्र चटकन ठरलं. हलणारा जबडा गप्पिष्ट बाहुल्याला शोभतो. लांब ‘आ’कार गाताना तो नुसता चघळल्यासारखा दिसतो. आणि कायमचं ‘आ’ केलेलं तोंड तंबोरा लावताना वेडगळ वाटेल. ओठांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवली आणि पुढे सरकलो.

लगद्याचे थर लावताना शहापुरातली एक सोय उपयोगी पडली. एक थर मराठी वर्तमानपत्राचा, दुसरा कन्नडचा. कुठे मराठी अक्षरं अजून दिसतायत, म्हणजे तिथे कन्नडचा थर पडायचा राहिलाय, हे लगेच कळतं. असे सात थर दिले. खळ चिंचोक्याची, त्यात मेथीची पूड, म्हणजे कीड लागत नाही. बेळगावच्या पावसाळ्यात कागदाची वस्तू टिकवायची तर हे करावंच लागतं. आतून एक हात फेविकॉलचा.

रंगाला दुकानातला तयार ‘स्किन कलर’ आणला होता. तो गुलाबी निघाला, इथल्या कुणाच्याच अंगाचा नव्हे. पिवळी माती, काव आणि पांढरा असं घरीच कालवलं. काका एक छटा सांगायचे आणि त्यांचे गाणंवेडे मित्र दुसरी. मग दिव्याखाली जी छटा माणसाच्या कातडीसारखी दिसली ती घेतली. वर वॉर्निश दिलं नाही. वॉर्निश दिलेलं कपाळ दिव्याखाली आरशासारखं चमकतं आणि पापणीची सगळी करामत वाया जाते.

बसलेला माणूस

कळसूत्रीचं पुस्तकी गणित उभ्या, चालणाऱ्या बाहुल्याचं असतं. डोक्याला दोन दोऱ्या, खांद्यांना दोन, हातांना दोन, गुडघ्यांना दोन, पाठीला एक, अशा नऊ. सगळा भार खांद्यांच्या दोऱ्यांनी उचलायचा, डोक्याच्या दोऱ्या फक्त ताणलेल्या असायच्या, पाठीची दोरी वाकायला. आमचे कुमार मांडी घालून बसणार. मग गुडघ्यांच्या दोऱ्यांचं काय करायचं?

राजस्थानच्या कठपुतळीला पायच नसतात, घोळदार वस्त्राखाली झाकून जातं. आम्हीही पाय केले नाहीत. खाली लाकडाची घडीव मांडी, वर धोतर. त्या बैठकीला वजन दिलं, म्हणजे बाहुलं डुलताना बूड उचललं जात नाही. वाचलेल्या दोन दोऱ्यांपैकी एक डाव्या कोपराला लावली, कारण गाताना पुढे येणारा हात नुसत्या मनगटाला दोरी बांधली की ट्रॅफिक पोलिसासारखा दिसत होता. कोपर आधी उचललं आणि मनगट मागून आलं की हात सुराबरोबर जातो.

दुसरी दोरी छातीला. या दोरीबद्दल जरा सविस्तर लिहिलं पाहिजे.

दुसरं डोकं बसवल्यावर बाहुलं छान दिसत होतं. काकांनी ‘बुवा’ म्हणणं बंद केलं होतं. तरी ध्वनिमुद्रण लावून भाचीनं ते हलवलं की गाणं एकीकडे आणि बाहुलं एकीकडे. ताल बरोबर, हात बरोबर, मान बरोबर. दोन संध्याकाळी आम्ही तेच तेच करून थकलो. तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, “हा दम कुठे घेतोय? दम न घेता गायला लागलाय.”

मग आम्ही बाहुलं खुंटीला अडकवलं आणि नुसतं ऐकलं. भाचीनं वही घेतली. प्रत्येक श्वासाला पेन्सिलीची एक उभी रेघ. कुमारांच्या गाण्यात सूर कसा अचानक उसळून येतो, छोट्या छोट्या तुकड्यांत कसा फेकला जातो, हे मी आयुष्यभर ऐकत आले. त्यामागे एका फुप्फुसाची मर्यादा आहे असं जाणकार सांगतात, तेही ऐकलं होतं. पण वहीच्या पानावर त्या रेघा पडत गेल्या तेव्हा ते दिसलं. चार मिनिटांत पानं भरली. कुठे रेघा दाट, कुठे एकदम मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेनंतर येणारी रेघ भाचीच्या हातून आपोआप जाड ओढली गेलेली.

भाच्यानं धड आडवं कापलं. वरचा भाग छातीचा, खालचा पोटाचा, पाठीमागे चामड्याच्या पट्टीनं जोडलेले. समोरून दोरी ओढली की छाती जेमतेम अर्धा इंच वर येते आणि सोडली की आपल्या वजनानं बसते. झब्ब्याखाली कापलेलं दिसत नाही. अर्धा इंच म्हणजे फार थोडं. पहिल्यांदा त्यानं एक इंच ठेवलं होतं, तर प्रत्येक वेळी उसासा टाकल्यासारखं वाटायचं, आजारी वाटायचं. ते आम्हाला नको होतं. अर्ध्या इंचावर आलो आणि त्या रात्री भाचीनं आधी छातीची दोरी, मग कोपर, मग मान, अशा क्रमानं एक तुकडा चालवला. काका काही बोलले नाहीत. उठून त्यांनी बाहुल्याच्या खांद्यावरची घसरलेली शाल सारखी केली.

एवढं करूनही मान गरगर फिरत होती, कारण भाच्यानं दोन कड्या एकमेकींत अडकवून मानेचा सांधा केला होता. एकदा डावीकडे वळवली की ती तिथून पुन्हा उजवीकडे, परत डावीकडे. “मावशी, भोवरा झालाय बघ,” तो म्हणाला. कड्या काढून आखूड सुती दोर घातला, तेव्हा मान वळून थांबायला लागली. कागदाचं डोकं फार हलकंही पडत होतं. हनुवटीच्या आत सायकलच्या दुकानातले दोन लोखंडी नट चिकटवले. दोऱ्यांना आधी मासे धरायची नायलॉनची तंगूस वापरली, ती दिव्याखाली लकाकते आणि गुंताही फार होतो. काळा सुती दोरा मेण लावून वापरला. बाहुलं ठेवताना दोऱ्या ज्या फळीला वर बांधलेल्या असतात तिलाच त्या गुंडाळून, कापडी पिशवीत, टांगूनच ठेवायचं. एकदा मी ते आडवं ठेवलं आणि गुंता सोडवण्यात अख्खा रविवार गेला.

तंबोरा मिरजेच्या घडणीचा, निदान दिसायला. खऱ्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला पर्याय म्हणून मोठ्या नारळाची करवंटी घासून गुळगुळीत केली, दांडी सागवानी चिपेची, खुंट्या काड्यांच्या. खरे मिरजेचे कारागीर बघतील तर काय म्हणतील या धास्तीनं त्यावरच्या वेलबुट्टीला मी दोन दिवस दिले. कार्यक्रमात ती कुणालाच दिसली नाही.

कपाळ

कपड्यांना वेळ लागला नाही. वडगावच्या मागावरचा पांढरा तुकडा मिळाला, शिंप्यानं झब्बा अंगापेक्षा सैल शिवला, कारण घट्ट कपड्यात सांधे अडकतात. शाल माझ्या आईच्या जुन्या शालीच्या काठाची. नवं कापड एवढ्याशा अंगावर ताठ उभं राहतं. जुनं, धुऊन मऊ झालेलं कापडच बाहुल्याच्या खांद्यावरून नीट ओघळतं.

अडचण आली ती सावलीतल्या मुलाच्या वेळी. आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्का कन्नड बोलणाऱ्या, लिंगायत घरातल्या. कार्यक्रमाची तयारी बघायला रोज यायच्या, तंबोऱ्याची करवंटीही त्यांनीच दिलेली. मी काळ्या पुठ्ठ्यातून मुलाची आकृती कापत होते, शेजारी त्याचं रंगीत रेखाटन होतं. अक्कांनी ते उचललं. “कपाळ रिकामं ठेवलीस? आमच्या घरातला पोरगा तो. इबत्ती नाही?”

इबत्ती म्हणजे विभूती. मी म्हटलं, माझ्याकडे त्या वयाचं असं छायाचित्र नाही ज्यात ती दिसते, आणि न बघितलेलं मी काढत नाही. अक्का म्हणाल्या, “फोटोत नाही म्हणून घरात नव्हती का?” मला उत्तर सुचलं नाही.

बेळगावात हा प्रश्न कपाळापुरता राहत नाही, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. दुकानाची पाटी कुठल्या भाषेत, बसवर गावाचं नाव कसं, यावर इथे पिढ्या गेल्या. कुमार जन्मले कन्नड घरात, शिकले मुंबईत, राहिले माळव्यात. त्यांनी मराठी नाट्यपदं गायली, कबीर गायला, आणि १२ जानेवारी १९९२ ला गेले ते देवासमध्ये. आमच्या कार्यक्रमाला येणाऱ्या मुलांतही निम्म्यांच्या घरात दोन्ही भाषा. त्यांना आपला वाटेल असा मुलगा कापायचा आणि कुणाच्या घरातलं काही पुसलंही जायला नको.

मी पळवाट काढली, असं म्हणायला हरकत नाही. आकृती पूर्ण काळी ठेवली, बाजूनं दिसणारी. एक कान, एक नाक, पुढ्यात ग्रामोफोनचा कर्णा. सावलीत कपाळावर काय आहे ते दिसत नाही. निवेदनात मात्र बदल केला. सुळेभावीच्या घराबद्दलची चार वाक्यं कन्नडमध्ये ठेवली आणि ती अक्कांनी स्वतः म्हणावीत अशी विनंती केली. त्यांनी म्हटली, फार छान म्हटली. तरीही कार्यक्रमानंतर त्या मला म्हणाल्या, “सावलीत सगळंच झाकतंय.” त्यांचं समाधान झालेलं नाही आणि त्यांचा मुद्दा चुकीचा आहे असं मला वाटत नाही. पुढच्या वेळी सुळेभावीच्या मुलाचं रंगीत बाहुलं करायचं झालं, तर त्याआधी मी त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे.

प्रयोग

एप्रिलच्या संध्याकाळी वळवाचं वारं सुटलं. लाइट गेली, आली, आणि आल्याबरोबर पंखे गरागरा सुरू झाले. दोऱ्यांना पंख्याचा वारा चालत नाही. कुणीतरी धावत जाऊन पंखे बंद केले. उकाड्यात साठेक मुलं आणि मागे उभे असलेले आईबाप.

पहिली चार मिनिटं एकही सूर गायचा नाही, असं आम्ही ठरवलं होतं. काकांनी पडद्यामागे खरा तंबोरा हातात घेतला. बाहुलं डावीकडे कललं. पापणीची सावली डोळ्यावर आली. उजवा हात खुंटीवर गेला. काकांनी तार मुद्दाम किंचित उतरवलेली होती, ते ती हळूहळू चढवत नेत होते, आणि भाची पडद्याच्या वरून त्या तारेबरोबर बाहुल्याची मान कणाकणानं सरकवत होती. मला भीती होती की मुलं चुळबुळ करतील. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं शेजारणीला “शू” केलं. तार षड्जात बसली, बाहुल्याची मान वर आली, डोळ्यांच्या पट्टीवर उजेड पडला आणि छाती अर्धा इंच उचलली गेली. गाणं अजून सुरू व्हायचं होतं. मागे उभे असलेले एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, “कुमार!”

त्यांना आम्ही ओळखत नव्हतो. निवेदनात तोवर नाव आलं नव्हतं. फलकावर अर्थातच होतं, त्यामुळे यातून काही सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्या स्वरात नाव वाचल्याचा भाव नव्हता.

चुका झाल्या. मधल्या तुकड्यात कोपराची दोरी शालीच्या काठात अडकली आणि डावा हात तसाच वर राहिला. भाचीनं प्रसंगावधान राखून मान त्या हाताकडे वळवली, जणू सूर तिथेच अडकलाय. लोकांना ती गाण्यातली हरकतच वाटली. शालीचा काठ आता खांद्यावर दोन टाके घालून पक्का केलाय. कार्यक्रम संपल्यावर मुलांना जवळ येऊन बघायला दिलं, तेव्हा जवळून चेहरा बघून एक मुलगा खट्टू झाला. “हे तर नुसतं कागदाचं आहे.” भाचीनं फळी त्याच्या हातात दिली आणि छातीची दोरी दाखवली. त्यानं ओढली, सोडली, पुन्हा ओढली. मागची मुलं ढकलायला लागली तरी तो जागचा हलेना.

त्यानंतर हा कार्यक्रम आणखी सहा वेळा झाला, एकदा खानापूरच्या बाजूला एका शाळेत, भर पावसात. मेथीनं कीड लागली नाही, पण दमट हवेनं हनुवटीखाली एक बारीक चीर गेली. ती चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांनी भरली. किन्नाळच्या बाहुल्या करणारे कारागीर असंच मिश्रण वापरतात. चीर पुन्हा आली नाही.

डाव्या कानाचा रंग मात्र दर प्रयोगाला उडतो. बाहुलं तंबोऱ्याला कान लावतं तेव्हा कानाची पाळी दांडीला घासते आणि खालचा कागद दिसायला लागतो. दोनदा रंग दिला, तो नवा नवा वेगळाच उठून दिसतो. आता तिथे रंग देत नाही. काव पाण्यात कालवून बोटानं फिरवते आणि वाळू देते.